तीर्थाची डोणी

“आता तरी चलणार ना, बुवा? की अजून कुठं चावायचं राहिलंय?”

धोंडिरामानं विचारलं.

 दंडावर बसलेला डास रेवणगीर बुवांनी हलकेच फुंकर मारून उडवला.

त्यांच्या मानेवर, कानामागं, घोट्यांवर लाल गांध्या उठल्या होत्या. डावा दंड तर चांगलाच सुजला होता.

धोंडिरामानं त्या गांध्या पाहिल्या आणि त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? बरंच वाटलं.

“माझ्याकडं चला,” तो म्हणाला. “मी गवती चहाची पात चुरडून लावतो. तासाभरात आग थांबेल.”

“सगुणा आज येणार आहे,” बुवा म्हणाले. “तिचं अंगण तिच्या हवाली करतो. मग बघू.”

धोंडिराम बाजूच्या दगडावर बसला. बसल्या बसल्या त्यानं स्वतःच्या पोटरीवर एक सणसणीत चापट मारली.

बुवा गालात हसले…

रेवणगीर बुवा म्हणजे फिरता गोसावी. आठ महिने पाय नेतील तिकडं जायचं आणि पावसाळ्याचे चार महिने निंबखेड्यात काढायचे, असा त्यांचा नेम. गेली सहा वर्षं चातुर्मासात त्यांची घोंगडी पडायची ती धोंडिरामाच्या अंगणातल्या पडवीत. दुसरीकडं कुठं पडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

धोंडिराम सरकारी रोपवाटिकेतून निवृत्त झालेला. झाडापाल्यातलं त्याला फार कळतं असं गाव म्हणायचं. गावाच्या आधी तो म्हणायचा.

बुवांना डासांचा त्रास नको म्हणून त्यानं अंगण झाडांनी बांधून काढलं होतं. दाराशी काळी तुळस. खिडकीखाली सब्जा आणि पुदिना. कुंपणाला निर्गुडी, तिच्या आत गवती चहाची रांग, त्याच्या आत झेंडू. न्हाणीच्या ओलीला वेखंड. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. पाहुणा आला की धोंडिराम त्याला आधी अंगण दाखवायचा आणि मग पाणी विचारायचा.

यंदा आषाढात बुवा आले ते काठी टेकत. म्हणाले, “आता पाय थकले. हा चातुर्मास शेवटचा. जिथं पुरा होईल तिथं पादुका ठेवीन आणि मठात जाऊन पडेन.”

जिथं पुरा होईल तिथं! धोंडिरामानं दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला आणि तुळशीशेजारी पादुकांसाठी दगडी ओटा बांधून घेतला. आजूबाजूच्या पाच गावांत त्यानं हे सांगूनही टाकलं.

आणि श्रावण लागल्यावर एका सकाळी बुवांनी घोंगडी गुंडाळली.

“काय झालं, बुवा?”

“डास चावतात.”

एवढंच बोलून ते निघाले. निघाले ते थेट गावाच्या कडेला, सगुणा कुंभारणीच्या अंगणात.

गाव हसलं. तोंडावर नाही, पण हसलं. “धोंडिरामाच्या बागेला डास भुलले वाटतं,” असं पारावर कुणीतरी म्हणालं, आणि ते धोंडिरामाला कळेल अशी व्यवस्थाही कुणीतरी केली.

सगुणेकडं काय होतं? एक शेवगा, कुंपणाला आपोआप उगवलेली गुलबक्षी, मडकी भाजायचा आवा आणि चिखल. बाई विधवा. तिला अभंगाची एक ओळ धड म्हणता येत नव्हती. बुवा निरूपण करू लागले की तिची मान डुलायची, आणि ती भक्तीनं डुलत नसे, झोपेनं डुलत असे.

तरी माणसं रोज संध्याकाळी तिकडं जायला लागली. निवांत बसायची. कुणी अंग खाजवत नव्हतं, कुणी चापटी मारत नव्हतं.

धोंडिराम जळत होता. जेवताना घास गोड लागत नव्हता. बायकोनं, केशरनं, “आज आमटी कशी झालीय?” असं विचारलं, तर म्हणाला, “सगुणेलाच विचार, तिला सगळं येतं.” रिकाम्या ओट्यावर कावळा बसलेला दिसला तरी त्याला तो सगुणेनंच पाठवलाय असं वाटे.

एकदा न राहवून त्यानं बुवांना वाटेत गाठलं होतं.

“तिनं कोणतं झाड लावलंय?”

“तिलाच विचार की.”

“मी विचारू? तिला?”

“मग राहू दे,” बुवा म्हणाले होते.

विचारलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण सहा वर्षं ज्यानं गावाला झाडं शिकवली, त्यानं मातीत बरबटलेल्या बाईपुढं उभं राहून “बाई, तुझं औषध सांग,” म्हणायचं? त्यापेक्षा त्यानं दुसरं केलं.

सगुणा लेकीच्या बाळंतपणाला गेली. अंगण बुवांवर सोडून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बुवा भिक्षेला बाहेर पडलेले पाहून धोंडिराम तिच्या अंगणात शिरला.

त्यानं कुंपण बघितलं. शेवग्याचं खोड हुंगलं. आव्याच्या राखेत काडी घालून पाहिलं. काही नाही.

मग त्याची नजर मडक्यांकडं गेली.

उन्हाळ्यात न खपलेली मडकी, माठ, परळ, लहान रांजण… सगळं अंगणभर रांगेनं मांडलेलं. आणि एकूण एक भांडं पालथं.

अस्सं, तो मनात म्हणाला. मडक्यांखाली औषधी मुळी ठेवतेय.

त्यानं पहिलं मडकं उचलून सरळ केलं. खाली कोरडी माती. दुसरं केलं. खाली एक गोगलगाय. तिसरं, चौथं, दहावं… धोंडिराम घामाघूम झाला. वेखंडाचा गड्डा सापडला नाही, निर्गुडीची काडी सापडली नाही. एका माठाखाली बेडूक निघाला, तोही त्याच्याकडं बघून बाजूला झाला.

वाटेवर काठीचा आवाज आला. धोंडिराम कुंपणाच्या खिंडारातून पसार झाला.

मडकी तशीच राहिली, आभाळाकडं तोंडं करून.

त्या दिवसांत रोज एखादी सर येऊन जात होती.

आठवडा झाला. सगुणेच्या अंगणात डास उठले. आधी थोडे, मग थवेच. निरूपणाला आलेली माणसं उपरण्यानं तोंड झाकून बसू लागली आणि मग घरी बसू लागली. बुवा मात्र तिथंच बसून राहिले. मडक्यांना त्यांनी हातही लावला नाही.

आणि म्हणून आज धोंडिराम मोठ्या खुशीत त्यांना न्यायला आला होता.

“अगं बया!”

आवाज आला तसा धोंडिराम दचकला. सगुणा कुंपणाशी उभी होती. काखेत गाठोडं, पायांना चिखल.

“ही मडकी कुणी उताणी केली?”



तिनं गाठोडं खाली टाकलं. पदर खोचला. बुवांकडं बघितलं आणि तिचा जीव कळवळला.

“बुवा! काय ही अंगाची चाळण झाली तुमची! तुमी तरी पालथी घालायची न्हाई व्हय?”

“मी नव्हती केली उताणी,” बुवा म्हणाले.

“मग कुणी केली?”

बुवा शेवग्याकडं पाहू लागले. धोंडिराम आपल्या वहाणेच्या अंगठ्याकडं पाहू लागला.

“पोरंटोरं असतील,” अखेर तो म्हणाला. जीभ जरा जड झाली होती.

सगुणेनं जवळचा माठ धरला आणि कलंडला. पाणी भळकन जमिनीवर आलं. त्या पाण्यात काळ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. चिखलावर आल्यावर त्या अजूनच तडफडू लागल्या.

“हे बघा,” ती म्हणाली. “आमचा सासरा म्हणायचा, मडकं घडीव न्हाई तर पालथं ठीव. उताणं ठिवलं की पाणी साचतं, शेवाळ धरतं, मग घेणारा नाक मुरडतो.”

“म्हणून पालथी ठेवतेस?” धोंडिरामाच्या तोंडून निघून गेलं.

“मग कशापायी ठिवू?”

“खाली… काही ठेवत नाहीस?”

सगुणा त्याच्याकडं बघत राहिली. “मडक्याखाली काय ठिवायचं असतंय, धोंडिरामभाऊ?”

 ती एकेक भांडं कलंडत गेली. प्रत्येक वेळी पाण्याचा आवाज येई आणि प्रत्येक वेळी धोंडिरामाचे खांदे थोडे आत ओढले जात.

मदतीला हात पुढं करावा असं त्याला एकदा वाटलं. पण मग बुवा म्हणाले, “चल धोंडिराम. तुझ्या घरी जाऊ.”

झालं! सगळं विसरलं. अळ्या विसरल्या, माठ विसरले. धोंडिरामानं झटकन बुवांची घोंगडी खांद्यावर टाकली.

जवळची वाट ओढ्याकाठची होती. त्यानं बुवांना नेलं ते पारावरून. थकलेल्या म्हाताऱ्याला चार पावलं जास्त चालायला लावली, पण पारावर बसलेल्यांनी बघायला नको? त्यांनी बघितलं. धोंडिरामानं मान जरा जास्तच ताठ केली.

अंगणात पाऊल ठेवताच त्यानं आवाज दिला, “केशर! तांब्या आण, परात आण. बुवा आलेत.”

केशर लगबगीनं आली. तिच्या हातांवरही गांध्या होत्या. पण त्या धोंडिरामाला कधी दिसल्या नव्हत्या.

बुवा अंगणातून हळूहळू फिरले. सब्ज्याची मंजिरी त्यांनी हुंगली. निर्गुडीचं पान चुरडून दंडावर चोळलं. झेंडूला हात लावला.

“झाडं छान आहेत,” ते म्हणाले. “मनापासून लावलीस.”

“तुमच्यासाठीच की!” धोंडिराम फुलून गेला. “मग सांगा बुवा, माझ्या अंगणात काय कमी होतं?”

“कमी काही नव्हतं.”

“मग?”

बुवा तुळशीपाशी थांबले. एका बाजूला पादुकांचा नवाकोरा रिकामा ओटा होता. दुसऱ्या बाजूला एक दगडी डोणी होती, हातभर लांब, गुरांना पाणी ठेवतात तसली.

“ही डोणी मागच्या वर्षी नव्हती,” बुवा म्हणाले.

“नव्हती. यंदाच आणली.”

“कशाला?”

धोंडिरामाचा आवाज हळवा झाला. “तुमच्या पायांचं तीर्थ आहे, बुवा. पाच वर्षं पाय धुतले की ते पाणी तुळशीला घालत होतो. यंदा तुम्ही म्हणालात हा शेवटचा चातुर्मास… मग म्हटलं, पुढं कुठलं मिळायचं? तेव्हापासून थेंब सांडू दिला नाही. सगळं इथं साठवलंय. वर रोज झेंडूच्या पाकळ्या टाकतो.”

“कुणाला देतोस?”

“देऊ? छे! परवा पाटलीणबाई मागायला आल्या होत्या. म्हटलं, संपलं.”

केशर परात घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “अहो, मी म्हटलं होतं, त्याला वास येतोय…”

“तू गप्प बस. तीर्थाला वास येत नसतो.”

रोपवाटिकेत तीस वर्षं हाच माणूस मजुरांवर ओरडायचा, “कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास होतील!” पण ते पाणी. हे तीर्थ. दोघांचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

बुवा डोणीपाशी वाकले. गुडघे कुरकुरले. त्यांनी एका बोटानं पाकळ्या बाजूला सारल्या आणि ओंजळभर पाणी घेतलं.

“पाय नंतर धू,” ते म्हणाले. “आधी तीर्थ घे.”

धोंडिरामानं भक्तिभावानं डोळे मिटले, उजव्या हाताचा तळवा पुढं केला. बुवांनी त्यात पाणी ओतलं.

“पिण्याआधी बघ.”

त्यानं डोळे उघडले.

तळव्यावर काळ्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

अगदी तशाच. मघाशी चिखलावर तडफडणाऱ्या, सगुणेच्या माठातल्या.

धोंडिराम हाताकडं बघत राहिला. हात झटकावा तर तीर्थ. प्यावं तर… पाणी बोटांमधून गळू लागलं. अळ्या तळव्याला चिकटून राहिल्या.

“हे… हे इथं…” त्यानं डोणीकडं पाहिलं.

बुवांनी डोणीतल्या पाकळ्या आणखी बाजूला सारल्या.

“एवढी झाडं लावली… आणि डास मीच…”

 कुठूनतरी एक डास आला आणि बुवांच्या कपाळावर बसला. या वेळी त्यांनी फुंकरही मारली नाही.

धोंडिराम मटकन खाली बसला.

“बुवा,” तो म्हणाला.  “ती मडकी मी उताणी केली.”

“माहीत आहे.”

“तुम्ही पाहिलं?”

“खिंडारात तुझं उपरणं अडकलं होतं. मी धुऊन ठेवलंय. घोंगडीत गुंडाळलेलं आहे, बघ.”

धोंडिरामाच्या खांद्यावर अजून ती घोंगडी होती. अख्ख्या पारासमोरून त्यानं ती मिरवत आणली होती.

“दहा दिवस!” त्याचा आवाज फुटला. “दहा दिवस चावून घेतलंत! एकदा सांगितलं असतंत तर मी…”

“तर तू काय केलं असतंस?”

धोंडिरामानं विचार केला. खरा विचार केला, कदाचित पहिल्यांदाच.

“नाही म्हणालो असतो,” तो म्हणाला. “सगुणेनंच केलं असेल म्हणालो असतो.”

“हं.”

“तुम्ही पालथी तरी घालायची होती. तुमचं अंग…”

“मला नुसते डास चावत होते, धोंडिराम. तुला जे चावत होतं, ते मडकी पालथी घालून थांबलं नसतं.”

केशरनं परात खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

 ऊन भिंतीवरून उतरून ओट्यावर आलं. पारावरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. धोंडिरामानं मान वर करून तिकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तो उठला आणि डोणीपाशी गेला. दोन्ही हातांनी तिचा काठ धरला. आणि थांबला.

बुवांच्या पायांचं पाणी होतं ते. या पायांखालची धूळ त्यानं सहा वर्षं कपाळी लावली होती. पुढच्या वर्षी हे पाय येणार नव्हते.  त्यानं बुवांकडं वळून पाहिलं, जणू ते नको म्हणतील.

बुवा नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

“मी एकट्यासाठी ठेवलं होतं, बुवा,” तो म्हणाला. “सगळं. तुम्हाला पण.”

आणि त्यानं डोणी कलंडली.

पाणी तुळशीच्या आळ्यातून वाहत झेंडूत शिरलं. त्याला वास येत होता. चांगलाच येत होता. कुजलेल्या पाकळ्या बुळबुळीत होऊन दगडाला चिकटल्या होत्या. धोंडिरामानं त्या नखांनी खरवडून काढल्या. आतला हिरवट थर मातीनं घासला. केशरनं वरून पाणी ओतलं.

शेवटी त्यानं सगळा जोर लावून डोणी उलटी केली आणि जमिनीवर पालथी घातली.

तो धापा टाकत उभा राहिला. धोतर चिखलानं माखलं होतं. अळ्यांचा तो हात त्यानं अजून पुसला नव्हता.

“मी सगुणेकडं जाऊन येतो,” तो म्हणाला. “तिला सांगतो, मी केलं म्हणून. राहिलेली मडकी पालथी घालू लागतो.”

“पारावरून जाशील?”

धोंडिराम क्षणभर घुटमळला. “पारावरूनच जातो.”

खांद्यावरची घोंगडी त्यानं काढली. ती बुवांपुढं धरली, पण सोडवेना.

“आणि बुवा… पादुका तिच्याच अंगणात ठेवा. मी… मी तिकडं येत जाईन रोज. पाया पडायला.”

हे बोलताना त्याला फार जड गेलं. ते काही त्याच्या मनातून साफ गेलं नव्हतं. रिकाम्या ओट्याकडं नजर वळलीच. पण बोलला.

बुवांनी घोंगडी घेतली. ओट्याकडं ते गेले नाहीत. पडवीकडंही गेले नाहीत. त्यांनी घोंगडीची घडी पालथ्या डोणीवर टाकली आणि काठीच्या आधारानं हळूच तिच्यावर टेकले. पाय लांब केले. कपाळावर पुन्हा येऊन बसलेला डास उडवला.

“लवकर ये,” ते म्हणाले. “आता इथं बसायला जागा झाली.”